दरसाल एक मिलिमीटर
स्फॅग्नम नावाच्या हरितांचे कुळ, त्यांची वसतिस्थाने आणि त्यांनी साठवलेली हजारो वर्षांची ठेव

पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस सरतात न सरतात तोच घराच्या सावलीतील भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर आणि मंदिराच्या दगडी पायऱ्यांच्या सांध्यांत हिरवी मखमल उगवू लागते. जैन घरांतील मुलांना तिची ओळख पाठ्यपुस्तकाआधी आजीच्या सूचनेतून होते : पाय जपून टाक, तिथे जीव आहे. चातुर्मासात साधु-साध्वींचा विहार थांबतो, त्यामागेही वाटोवाटी उगवलेल्या अशाच सूक्ष्म जीवसृष्टीची काळजी आहे. बोलीभाषेत या साऱ्या हिरवाईला ‘शेवाळ’ हा एकच शब्द चालतो. वनस्पतिशास्त्र मात्र त्यात भेद करते. साचलेल्या पाण्यावरील निसरडा, तंतुमय थर म्हणजे शैवले. आणि बारीक दांडी व बारीक पाने असलेल्या ज्या इवल्या रोपट्यांची दाटी होऊन मखमल बनते, त्या हरिता, म्हणजेच मॉस.

जगात हरितांच्या सुमारे १२ हजार जाती आहेत. त्यांतील एका कुळाचे नाव स्फॅग्नम. या कुळात ३०० हून अधिक जाती मोडतात. फूल नाही, फळ नाही, लाकूड नाही आणि मूळही नाही, अशी ही वनस्पती. तरीही पृथ्वीच्या उत्तर गोलार्धातील लाखो चौरस किलोमीटर भूमी तिने घडवली आहे, युद्धातील जखमा तिने बांधल्या आहेत आणि आज जगाच्या हवामानाचा हिशेब मांडताना तिचे नाव टाळता येत नाही.

मृत पेशींचे पाणीघर

स्फॅग्नमचे पान एकाच पेशीच्या जाडीचे असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दोन प्रकारच्या पेशी दिसतात. हिरव्या, अरुंद पेशी जिवंत असून सूर्यप्रकाशातून अन्न तयार करतात. त्यांच्यामध्ये मोठ्या, पारदर्शक, पोकळ पेशी असतात. त्या मृत असतात. या मृत पेशींच्या भिंतींना छिद्रे असतात आणि आतून वेटोळ्यासारखे आधार असतात, त्यामुळे त्या रिकाम्या झाल्या तरी चेपत नाहीत. पाऊस पडला की हीच पोकळ भांडी भरतात. वाळलेले स्फॅग्नम आपल्या वजनाच्या सुमारे वीसपट पाणी धरू शकते. वाळले की ते फिकट, पांढुरके दिसते. भिजले की पुन्हा हिरवे, तांबडे किंवा तपकिरी होते.

मूळ नसल्यामुळे जमिनीतील क्षार ओढून घेणे त्याला शक्य नाही. उंच वाढलेल्या दलदलीत तर जमिनीखालचे पाणीही वर पोहोचत नाही. जे काही मिळते ते पावसातून आणि वाऱ्याबरोबर आलेल्या धुळीतून. त्याच दलदलीत राहणारी ड्रॉसेरासारखी वनस्पती चिकट केसांनी कीटक पकडून आपली तूट भरून काढते. स्फॅग्नम तसे काही करत नाही. पावसात विरघळलेले कॅल्शियम, पोटॅशियम यांचे कण ते आपल्या पेशीभित्तिकांवर धरून ठेवते आणि त्या बदल्यात हायड्रोजनचे कण पाण्यात सोडते. या देवघेवीमुळे भोवतालचे पाणी आंबट होत जाते, जवळजवळ टोमॅटोच्या रसाइतके. अशा पाण्यात बहुतेक वनस्पती तग धरत नाहीत आणि कुजवणारे जिवाणूही मंदावतात. स्फॅग्नम आपले घर असे स्वतःच तयार करते.

त्याची प्रसाराची रीतही वेगळी आहे. बीजाणूंची तपकिरी कुपी आरंभी गोल असते. उन्हात ती वाळून दंडगोल बनते, आतील हवा दाबली जाते आणि अखेर झाकण उडून बीजाणू बाहेर फेकले जातात. रोप जमिनीलगत असल्याने नुसते फेकणे पुरेसे नसते, कारण इतके हलके कण हवेत लगेच थांबतात. २०१० साली अमेरिकेतील ड्वाइट व्हिटेकर आणि जोन एडवर्ड्स या संशोधकांनी अतिजलद चित्रीकरणाने दाखवून दिले की, कुपी फुटताना धुराच्या वलयासारखे हवेचे वलय तयार होते आणि ते बीजाणूंना दहा सेंटीमीटरहून वर वाहून नेते. तेथे वारा त्यांना आपल्याबरोबर नेतो.

वीतभर उंचीत वेगवेगळी घरे

दलदल दुरून सपाट, एकरंगी दिसते. जवळ जाऊन पाहिले तर ती डबकी, सपाट गालिचे आणि उंचवटे यांची बनलेली असते, आणि प्रत्येक पातळीवर स्फॅग्नमची वेगळी जात राहते. पाण्यात तरंगणारे, सैल, हिरवे स्फॅग्नम कस्पिडेटम डबक्यांत असते. पाण्याच्या काठाशी, जिथे पाय ठेवला तर पचपचतो, तिथे जाड फांद्यांचे, गेरूच्या छटेचे स्फॅग्नम पॅपिलोसम गालिचा पसरते. त्याहून वर, उंचवट्यांवर, दाट गुंफलेले तांबूस स्फॅग्नम कॅपिलिफोलियम आणि गडद तपकिरी स्फॅग्नम फस्कम राहतात. डबक्यापासून उंचवट्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर अनेकदा वीत-दीड वीतच असते. पण तेवढ्यात कोरडेपणा बदलतो आणि रहिवासी बदलतात.

उंचवट्यावरील जातींची दाटी ही पाणी टिकवण्याची युक्ती आहे. एकटे रोप उन्हात तासाभरात सुकेल. हजारो रोपे डोक्याला डोके लावून उभी राहिली की त्यांच्यामधील बारीक फटींतून पाणी वर चढत राहते. डबक्यातील जातींना ही गरज नाही, म्हणून त्या सैल वाढतात. मात्र त्या लवकर कुजतात. उंचवट्यावरच्या जाती सावकाश वाढतात आणि सावकाश कुजतात. दलदलीचा टिकाऊ साठा मुख्यतः त्यांच्यामुळे होतो.

काही जातींना उघडे माळ नको असतात. ताऱ्यासारखी पाने फाकवणारे स्फॅग्नम स्क्वॅरोसम ओलसर झाडीत, ओढ्याच्या कडेला सापडते. भारतात पूर्व हिमालयाच्या थंड, भिजक्या उतारांवरही त्याची नोंद आहे. चुनखडीच्या पाण्याचे मात्र बहुतेक जातींना वावडे आहे.

एका जातीचे कोडे तर अगदी अलीकडे सुटले. दलदलीला लालभडक रंग देणारे स्फॅग्नम मॅगेलॅनिकम युरोपपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत सर्वत्र आढळते, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१८ साली जनुकीय तपासणीतून स्पष्ट झाले की, हे एक नाव तीन जातींना दिले गेले होते. खरे मॅगेलॅनिकम दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडचे. उत्तरेकडील दोन जातींना मिडियम आणि डिव्हायनम ही नावे मिळाली. डोळ्यांना सारखे दिसणारे प्रत्यक्षात किती भिन्न असू शकते, याचा हा नमुना.

पृथ्वीच्या नकाशावर

स्फॅग्नमला गारवा, ओलावा आणि निचरा न होणारी जमीन लागते. म्हणून त्याचे मोठे साम्राज्य उत्तरेकडे आहे : कॅनडाचा हडसन उपसागराचा सखल प्रदेश, स्कँडिनेव्हिया, आयर्लंड, स्कॉटलंड आणि सायबेरिया. पश्चिम सायबेरियात ओब आणि इर्तिश या नद्यांच्या दरम्यान पसरलेली वास्युगान दलदल सुमारे ५३ हजार चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याहून थोडी मोठी. दक्षिणेकडे चिली, अर्जेंटिनाचे टोक आणि न्यूझीलंड येथे त्याच्या वसाहती आहेत. उष्ण कटिबंधात ते डोंगरमाथ्यांवर आढळते.

भारतात स्फॅग्नमचे विस्तीर्ण माळ नाहीत. सिक्कीम, अरुणाचल, मेघालय अशा पर्जन्यबहुल डोंगराळ भागांत त्याचे लहान-लहान पट्टे आहेत. हरितांविषयी कुतूहल असणाऱ्या पर्यटकाला नैनितालजवळच्या खुर्पाताल येथे उत्तराखंड वनविभागाने केलेले मॉस उद्यान पाहता येते. नोव्हेंबर २०२० मध्ये जलतज्ज्ञ राजेंद्र सिंह यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

कापूस अपुरा पडला तेव्हा

कापसाच्या बाजाराशी ज्यांच्या पिढ्यांचा संबंध आला आहे, त्यांना स्फॅग्नमच्या इतिहासातील पुढील प्रकरण विशेष वाटेल. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि कापसाला दोन बाजूंनी मागणी आली. जखमींसाठी पट्ट्या हव्या होत्या, आणि दारूगोळ्यासाठी लागणारा गनकॉटनही कापसापासूनच बनत असे. ब्रिटनमध्ये जखमांसाठी कापूस अपुरा पडू लागला. एडिनबरोचे शल्यचिकित्सक चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फोर यांनी तेव्हा स्फॅग्नमकडे लक्ष वेधले.

कापूस आपल्या वजनाच्या पाच-सहापट द्रव शोषतो. स्फॅग्नम सुमारे वीसपट. शिवाय त्याच्या आंबट गुणामुळे जिवाणूंच्या वाढीला आळा बसतो. मात्र कोणतेही स्फॅग्नम चालत नव्हते. पॅपिलोसम आणि पॅलुस्ट्रे या दोन जाती सर्वांत उपयुक्त ठरल्या, आणि त्या ओळखायला स्वयंसेवकांना, विशेषतः स्त्रियांना, शिकवावे लागले. स्कॉटलंड, आयर्लंड आणि डार्टमूरच्या माळांवरून पोती भरून मॉस गोळा होई. ते वाळवून, काड्या-कचरा निवडून, मलमलीच्या पिशव्यांत शिवले जाई. युद्धाच्या अखेरीस ब्रिटनमधून महिन्याला सुमारे दहा लाख पट्ट्या रवाना होत होत्या. युद्ध संपले, कापूस पुन्हा सहज मिळू लागला आणि हा उद्योग मावळला.

न कुजणाऱ्या थरांचा हिशेब

स्फॅग्नम वरून वाढते आणि खालून मरते. खालचा भाग पाण्यात बुडतो. तिथे प्राणवायू नाही, पाणी आंबट आहे, म्हणून तो पुरता कुजत नाही. थरावर थर बसतात आणि पीट नावाचा काळसर, तंतुमय पदार्थ तयार होतो. वाढीचा वेग वर्षाला ढोबळ मानाने एक मिलिमीटर. एक मीटर पीट साठायला सुमारे हजार वर्षे लागतात. हिमयुग ओसरल्यानंतर उत्तरेकडील अनेक दलदलींत जमा सुरू झाली. आज काही ठिकाणी ती अनेक मीटर खोल आहे.

या खात्यात काय काय सुरक्षित राहते, याचे नमुने थक्क करणारे आहेत. आयर्लंडच्या दलदलीत लाकडी भांड्यांतून पुरून ठेवलेले लोणी सापडते. त्यातील काही साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहे. मे १९५० मध्ये डेन्मार्कमध्ये पीट कापणाऱ्या माणसांना एक मृतदेह दिसला. चेहरा, मिटलेले डोळे, हनुवटीवरचे खुंट इतके शाबूत होते की त्यांनी ताजा खून समजून पोलिसांना बोलावले. ‘टोलुंड मॅन’ या नावाने ओळखला जाणारा तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा होता.

पण खरी ठेव आहे ती कार्बनची. स्फॅग्नमने हवेतून घेतलेला कार्बन कुजून परत जात नाही, पीटमध्ये बंद होतो. सर्व प्रकारच्या पीटभूमी मिळून जगाच्या भूभागाचा सुमारे ३ टक्के हिस्सा व्यापतात. तरीही जगातील साऱ्या अरण्यांच्या झाडाझुडपांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक तेथे साठलेला आहे. उष्ण प्रदेशांतील पीट झाडांपासून बनते. उत्तरेकडील साठ्याचा फार मोठा भाग या इवल्या हरितांनी घडवलेला आहे.

ठेव मोडायला मात्र हजार वर्षे लागत नाहीत. चर खणून पाणी काढले की पीटमध्ये हवा शिरते, कुजण्याचे काम सुरू होते आणि साठलेला कार्बन वायुरूपाने बाहेर पडतो. निचरा केलेल्या पीटभूमींतून होणारे उत्सर्जन मानवनिर्मित हरितगृह वायूंच्या सुमारे ५ टक्के असल्याचा अंदाज आहे. कोरडे पीट पेटते, आणि जमिनीखाली धुमसत राहते. २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्को शहर दिवसेंदिवस धुराने झाकोळले होते. त्या धुराचा मोठा वाटा पूर्वी इंधनासाठी निचरा केलेल्या पीटभूमींतून आला होता.

करसवलतीची झाडे

झाडे लावणे हे नेहमीच पुण्यकर्म असते का? स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचा फ्लो कंट्री हा प्रदेश या प्रश्नाचे उत्तर सावधपणे द्यायला लावतो. केथनेस आणि सदरलंड या भागांत पसरलेली ही युरोपातील सर्वांत मोठ्या अखंड दलदलींपैकी एक. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे एकाएकी वृक्षलागवड सुरू झाली. कारण हिशेबाच्या वहीत होते. त्या काळच्या ब्रिटिश करनियमांनुसार लागवडीचा खर्च इतर उत्पन्नातून वजा करता येत असे. वरच्या दराने कर भरणाऱ्या दूरच्या शहरांतील श्रीमंतांना ही गुंतवणूक आकर्षक वाटली. जमीन स्वस्त होती, कारण ती ‘पडीक’ समजली जात होती.

मग नांगर आले, चर खणले गेले आणि उत्तर अमेरिकेतील सिटका स्प्रूस व लॉजपोल पाइन यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पाणी उतरले. स्फॅग्नम सुकले. माळावर घरटी करणारे पक्षी हटले. झाडेही त्या आंबट, निकस जमिनीत नीट वाढली नाहीत. कागदावर हरितीकरण दिसत होते. प्रत्यक्षात हजारो वर्षांची जमा बाहेर पडत होती.

पर्यावरणवाद्यांनी आवाज उठवला आणि १९८८ च्या अर्थसंकल्पात ती करसवलत रद्द झाली. १९९५ मध्ये पक्षिसंरक्षण करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेने फोर्सिनार्ड येथील जमीन विकत घेतली. त्यानंतर जे काम सुरू झाले ते वरवर विपरीत वाटेल : लावलेली झाडे तोडणे आणि चर बुजवणे. पाणी पुन्हा चढले तसे स्फॅग्नम परतू लागले. जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले होते. आसाममधील अहोम राजवटीच्या मोईदाम समाधींना ज्या अधिवेशनात मान्यता मिळाली, त्याच अधिवेशनात फ्लो कंट्रीलाही जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. चाळीस वर्षांपूर्वी पडीक म्हणून विकली गेलेली जमीन मानवजातीची ठेव ठरली.

पोत्यावरचे नाव वाचताना

हा विषय दूरदेशीचा वाटला तरी त्याचे एक टोक इथल्या रोपवाटिकांपर्यंत येते. गच्चीवरील बागेसाठी वा ऑर्किडसाठी माती-मिश्रण घेताना दोन नावे भेटतात, आणि ती बहुधा एकच समजली जातात. ‘स्फॅग्नम मॉस’ म्हणजे वरचा थर कापून वाळवलेले लांब, फिकट तंतू; खालचा थर राखून कापणी केली तर काही वर्षांनी ते पुन्हा वाढते. ‘पीट मॉस’ म्हणजे खालचा, शतकानुशतके साठलेला, काळसर भुगा. तो खणूनच काढावा लागतो, आणि माणसाच्या आयुष्यात परत तयार होत नाही. चिलीने २०२४ साली केलेल्या कायद्यात हाच भेद केला आहे : पीट काढण्यास मनाई आणि वरच्या मॉसच्या कापणीला नियोजनाची अट.

इतर देशांतही व्यापाराची दिशा बदलते आहे. आयर्लंडची सरकारी कंपनी बोर्ड ना मोना १९४६ पासून पीट काढण्यासाठीच ओळखली जात होती. जानेवारी २०२१ मध्ये तिने पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले आणि पवनऊर्जा व दलदलींचे पुनरुज्जीवन यांकडे मोर्चा वळवला. इंग्लंडमध्ये हौशी बागकामासाठीच्या पीटविक्रीवर २०२४ पर्यंत बंदी घालण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली होती. ती मुदत कायद्याविना उलटली. घोषणा आणि अंमल यांतील अंतर तिथेही आहेच.

पीटला पर्याय म्हणून जगभर जो माल मागितला जातो, त्यात भारताचा वाटा मोठा आहे. केरळ आणि तामिळनाडूत नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा एकेकाळी कारखान्यांच्या मागे ढिगांनी पडून राही. आज तोच दाबून, विटा करून ‘कोकोपीट’ म्हणून निर्यात होतो. पाण्यात टाकताच वीट फुलून अनेकपट होते. मात्र त्यातील क्षार नीट धुतलेले असावे लागतात, आणि त्या धुण्याला पाणी लागते. म्हणून हा पर्यायही विनामूल्य नाही. तरीही एक फरक निर्णायक आहे. नारळ दरवर्षी येतो.

परत भरता येणारे खाते

उजाड झालेल्या पीटभूमीवर स्फॅग्नम पुन्हा वसवण्याची पद्धत कॅनडातील संशोधकांनी विकसित केली आहे. शाबूत दलदलीचा वरचा पातळ थर काढून त्याचे तुकडे उघड्या पीटवर पसरतात, वर गवताच्या काड्यांचे आच्छादन घालतात आणि चर बंद करतात. एक चौरस मीटरच्या थरातून सुमारे दहा चौरस मीटर जागा पेरता येते, कारण स्फॅग्नमच्या जवळजवळ प्रत्येक तुकड्याला नवा कोंब फुटू शकतो. क्युबेक प्रांतातील ब्वा-दे-बेल येथे १९९९ मध्ये असे काम झाले. सुमारे चौदा वर्षांनंतरच्या मोजमापात ती भूमी पुन्हा कार्बन देण्यापेक्षा घेऊ लागलेली आढळली.

म्हणजे खाते पुन्हा सुरू करता येते. गेलेली रक्कम मात्र परत येत नाही. पीटच्या पोत्यावर छापलेली किंमत खणण्याची, वाळवण्याची आणि वाहतुकीची असते. त्यात भरलेल्या काळाची किंमत त्यावर कधीच छापलेली नसते. ती घेणाऱ्याने स्वतः मनात धरायची असते. हातभर खोल पीट म्हणजे सुमारे पाचशे वर्षांची जमा. ती काढायला यंत्राला फार दिवस लागत नाहीत, आणि भरून काढायला स्फॅग्नमला दुसरी पाचशे वर्षे लागतात, दरसाल एक मिलिमीटर.